वारशाने आलेली मोटार आणि तिचे पाटे

मोटारीचे इंजिन बिघडले तर ती जागची हलत नाही, आणि मालकाला मुकाट्याने खिशात हात घालावा लागतो. दिवे गेले तर रात्रीचा प्रवास अडतो. परंतु पाटे बसले, शॅकल झिजले, शॉक ॲब्सॉर्बरमधले तेल गळून गेले, तरी मोटार चालतच राहते. ती थोडी एका अंगाला कलते, खड्ड्यात धाडकन आपटते, वळणावर डगमगते, पण चालते. म्हणूनच घरात वारशाने आलेली जुनी मोटार दुरुस्तीला काढली म्हणजे आधी रंग होतो, मग गाद्या होतात, मग इंजिन होते, आणि गाडीच्या पोटाखालचे हे काम शेवटपर्यंत राहून जाते. माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. जुन्या गाडीला हात लावायचा तर पहिल्याने खाली वाकून पाटे पाहावेत, आणि रंगाचा विचार सर्वांत शेवटी करावा. असे का, ते आज सांगावयाचे आहे.

मी इंजिनिअर नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. धुळे आणि जळगाव या दोन गावांतले हमाल, क्लीनर आणि गॅरेजकामगार यांच्या संघटनेचे काम करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. या विषयातले जे थोडेफार मला कळते, ते गाडीखाली पोते अंथरून निजलेल्या मिस्त्र्यांशी बोलताना कळले, आणि उरलेले रात्री पुस्तके चाळून पडताळून घेतले. धुळे हे या विद्येचे जुने ठाणे आहे, आणि त्याचे कारण उघड आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्याला एकमेकांना ओलांडतात. लादलेले ट्रक जेथून रात्रंदिवस जातात तेथे पाटे तुटणार, आणि जेथे पाटे तुटणार तेथे भट्टी पेटणार. त्या भट्ट्या ट्रकांच्या जिवावर चालल्या म्हणूनच आजोबांच्या मोटारीचे पाटे आज आपल्याला येथल्या येथे करून मिळू शकतात. मोटारींचा शौक करणाऱ्यांनी हे ऋण लक्षात ठेवावे.

आपल्या भागात वारशाने येणारी मोटार बहुधा तीन प्रकारची असते. पहिली जीप. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्करासाठी जन्मलेली ही गाडी स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने हिंदुस्थानात आणली. १९५२ साली समाजविकास योजना निघाली, तेव्हा विकास गटांच्या कचेऱ्यांपुढे जीप उभ्या राहू लागल्या. पुढे केळीच्या आणि कपाशीच्या पैशावर बागाइतदारांच्या वाड्यांतही शिरल्या. दुसरी फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. १९७४ पासून तिला पद्मिनी म्हणू लागले. तिसरी ॲम्बेसेडर, कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची, जिचे उत्पादन २०१४ साली बंद पडले. याहून जुनी, १९४७ पूर्वीची शेव्हरोले किंवा फोर्ड एखाद्याच घरी असते. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला आणि पुढे १९५०च्या दशकात तो गुंडाळला. तेव्हापासून त्या गाड्यांचे सुटे भाग हुडकणे हा वेगळाच उद्योग होऊन बसला आहे. आज मी मुख्यतः जीप डोळ्यांपुढे ठेवून बोलणार आहे, कारण तिच्या चारही चाकांवर पाटेच आहेत. फियाटच्या आणि ॲम्बेसेडरच्या मागच्या चाकांनाही हेच सारे लागू पडते.

पाटा करतो काय? बैलगाडी आणि टांगा आठवून पाहा. बैलगाडीत आस थेट साटीला जखडलेला असतो. चाक दगडावर चढले की दगडाची उंची जशीच्या तशी बसणाऱ्याच्या मणक्यापर्यंत पोचते. टांग्याच्या आसावर मात्र पोलादी कमान असे. चाक दगडावर चढले की कमान दबे, टांगा थोडा उशिराने आणि थोडासाच उचलला जाई. लंडनच्या ओबाडाया इलियट नावाच्या बग्गी बनवणाऱ्याने १८०४ साली अशा कमानींचे पेटंट घेतले, आणि पुढे मोटार आली तेव्हा तिने ही कमान बग्गीकडून आयती उचलली. म्हणजे आपल्या जीपच्या पोटाखाली जे आहे ते टांग्याचेच वारसदार आहे.

यामागचा नियम रॉबर्ट हूक याने १६७८ साली मांडला: जितका भार, तितका ताण, भार दुप्पट केला तर कमानीचे वाकणेही दुप्पट. यातून एक उपयोगाचा हिशेब निघतो. गाडीच्या स्वतःच्या वजनाने पाटा जितका दबतो, त्यावर गाडीच्या झोक्याचा ताल ठरतो. पाटा वजनाखाली १० सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी मिनिटाला सुमारे ९५ झोके घेते. तोच पाटा इतका कडक केला की तो अडीच सेंटिमीटरच दबावा, तर झोके १९०च्या घरात जातात. मिनिटाला साठ ते नव्वद झोके माणसाच्या शरीराला मानवतात. दोनशेच्या आसपासचे हादरे पोटाला आणि पाठीला सहन होत नाहीत. ज्यांनी जुन्या जीपच्या मागच्या बाकावर बसून सातपुड्याच्या पायथ्याची वाट तुडवली आहे त्यांना हे आकडे मी वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता एकच जाड पट्टी न घालता सात-आठ पातळ पाटे एकावर एक का रचतात, ते पाहू. पट्टीचा कडकपणा तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. जाडी दुप्पट केली तर कडकपणा आठपट होतो. एक जाड पट्टी घातली तर ती वाकणार नाही, आणि वाकलीच तर तिच्या वरच्या पृष्ठभागावर इतका ताण येईल की ती तडकेल. तेच काम आठ पातळ पाट्यांत वाटले, तर प्रत्येक पाटा पुष्कळ वाकू शकतो आणि भार मात्र सगळे मिळून उचलतात. मजूर संघटनेचा माणूस या रचनेवर खूष झाला तर आपण त्याला हसू नये.

सर्वांत वरचा पाटा सर्वांत लांब असतो. त्याच्या दोन्ही टोकांना गोल डोळे वळवलेले असतात आणि त्या डोळ्यांतून तो चॅसीला अडकवतात. याला मेन पाटा म्हणतात. त्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे पाटे. सगळ्यांच्या मधोमध भोक, त्यातून सेंटर बोल्ट. आणि आसाला ही सगळी जुडी दोन यू-बोल्टांनी आवळलेली. एक डोळा चॅसीच्या हँगरमध्ये पिनने पक्का असतो. दुसरा डोळा शॅकलमध्ये, म्हणजे झोपाळ्याच्या कडीसारख्या झुलत्या दुव्यात, अडकवलेला असतो. पाटा दबला की सरळ होतो आणि सरळ झाला की लांब होतो. ही वाढलेली लांबी शॅकल झुलून सामावून घेतो. शॅकल गंजून आखडला तर लांब व्हायला जागा उरत नाही, आणि उत्तम पाटासुद्धा दगडासारखा वागू लागतो. कडक झालेल्या गाडीचा दोष पाट्यावर ठेवण्याआधी शॅकल हलतो का ते पाहावे. चारपैकी दोन गाड्यांचे काम तेवढ्या ग्रीसिंगनेच निम्मे होते, असे माझ्या ओळखीचे एक जुने मिस्त्री म्हणतात, आणि त्यांचा हा हिशेब मला फारसा अतिशयोक्त वाटत नाही.

जुडीला दोन-तीन ठिकाणी लोखंडी क्लिपा बसवलेल्या असतात. यांना कोणी किंमत देत नाही. परंतु चाक खड्ड्यात खाली पडते तेव्हा मेन पाटा उलट्या दिशेने वाकतो, आणि त्या क्षणी क्लिपा नसतील तर बाकीचे पाटे खाली लोंबकळत राहतात व सगळा भार एकट्या मेन पाट्यावर येतो. मेन पाटा तुटलेल्या कित्येक जुन्या गाड्या मी पाहिल्या. त्यांतल्या बहुतेकींच्या क्लिपा पूर्वीच्या कोणत्यातरी दुरुस्तीत काढून फेकलेल्या होत्या.

गाडी चालून जेवढी झिजते, त्याहून अधिक ती उभी राहून खराब होते. वडील गेले, मुले पुण्या-मुंबईस, मोटार पत्र्याच्या शेडमध्ये दहा वर्षे. पावसाळ्यात पाट्यांच्या फटींत ओल शिरते आणि गंज धरतो. गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून पाटे एकमेकांपासून फाकतात आणि त्यांच्या पाठी खडबडीत होतात. त्या खडबडीत जागीच पुढे चीर सुरू होते. उन्हाळ्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यात रबराचे बुश वाळून तडकतात. वर आपली काळी माती: पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि तिच्यावर बांधलेला रस्ता लाटांसारखा होतो. खाचखळग्यांच्या रस्त्यापेक्षा हा लाटांचा रस्ता जुन्या शॉक ॲब्सॉर्बरना जास्त जड जातो, कारण तेथे गाडीला झोका लागतो आणि तो थांबवणारे कोणी नसते.

तपासणीला महागडी यंत्रे लागत नाहीत. सपाट फरशी, हवा भरण्याचा गेज, मोजपट्टी, गवंड्याचा ओळंबा आणि खडू एवढ्यावर काम होते. प्रथम चारही टायरांत ठरल्याप्रमाणे हवा भरावी. हे न करता 'गाडी बठी गयी' म्हणून पाटे उतरवणारे लोक आहेत. नंतर प्रत्येक चाकाजवळ आसाच्या माथ्यापासून चॅसीपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. डाव्या-उजव्यात बोटभर फरक असेल तर एक बाजू बसली आहे. मग ओळंबा घेऊन पाट्यांच्या डोळ्यांखाली फरशीवर खुणा कराव्यात, गाडी बाजूला ढकलावी आणि खुणांमधली तिरपी अंतरे ताडून पाहावीत. दोन्ही कर्ण जुळत नसतील तर पाट्याच्या पलीकडचा रोग आहे, चॅसीच वाकलेली आहे. तेव्हा पाट्यावर पैसे खर्चू नयेत. डाव्या आणि उजव्या बाजूला पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंतचे अंतर वेगळे भरले, तर कोठेतरी सेंटर बोल्ट तुटला आणि आस सरकला. अशी गाडी सरळ रस्त्यावरही खेकड्यासारखी तिरपी जाते. मागून येणाऱ्याला ते दिसते, चालवणाऱ्याला दिसत नाही.

चीर शोधण्याची युक्ती जुनी आणि खात्रीची आहे. पाटा सुटा करून तारेच्या ब्रशने घासावा, रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा, बाहेर काढून कोरडा पुसावा आणि त्यावर खडू घासावा. जेथे चीर असेल तेथून आत शिरलेले रॉकेल पाझरते आणि पांढऱ्या खडूवर काळसर रेघ उमटते. ही रेघ बहुधा पाट्याच्या वरच्या, अंतर्वक्र बाजूस सापडते, कारण भाराखाली ताण तेथेच पडतो. सेंटर बोल्टाच्या भोकाजवळ आणि यू-बोल्टांच्या कडेला विशेष पाहावे. रेघ दिसली की तो पाटा भंगारात. त्याला वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नमस्कार करावा. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाचे पाणी उतरते किंवा ते काचेसारखे ठिसूळ होते, आणि पाटा त्याच जागेच्या बाजूला पुन्हा तुटतो; मात्र दुसऱ्यांदा तुटतो तेव्हा गाडी उभी नसते, धावत असते.

पाटे उतरवण्याच्या कामाविषयी मला जरा थांबून बोलले पाहिजे. गाडी जॅकवर उचलायची, आणि चॅसीखाली लोखंडी घोड्या लावल्यावाचून कोणीही खाली शिरायचे नाही. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. विटांचे थर तर मुळीच नकोत. वीट कण्हत नाही, एकदम फुटते. यू-बोल्ट सुटताच आस लोंबकळतो, म्हणून त्यालाही वेगळा आधार हवा. फियाटच्या पुढच्या चाकांना पाटे नसून गुंडाळीची स्प्रिंग असते. ती दाबून धरणारी साधने लावल्याशिवाय सोडली तर तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. हे सगळे प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक असते. तरी अपघात होतात, कारण गिऱ्हाईक रविवारी उभे राहून 'लवकर आटपा' म्हणत असते आणि घोड्यांची जोडी दुसऱ्या गाडीखाली अडकलेली असते.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका हेल्परचे प्रकरण आले. जॅक निसटला आणि पाट्याच्या व चॅसीच्या मध्ये त्याची तीन बोटे गेली. कामावर जखमी झालेल्याला भरपाई मिळावी असा कायदा आपल्या देशात १९२३ सालीच झाला होता. परंतु या पोराचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नव्हते, आणि मालकाने 'हा आमचा माणूसच नव्हे, सहज आला होता' असे लिहून दिले. मोटारीचा मालक तर त्या गावीच नव्हता. त्याने बंपरच्या चमकीला जेवढे पैसे मोजले होते, तेवढ्यात घोड्यांच्या दोन जोड्या आल्या असत्या. म्हणून जुनी गाडी दुरुस्तीला देणाऱ्यास माझे सांगणे असते, की गॅरेज निवडताना आधी तेथील घोड्या पाहा आणि मग भाव विचारा. गाडीखाली जाणाऱ्याचे वय पाहा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीपासून बंदी आहे, आणि अठराच्या आतल्याला धोक्याच्या कामावर लावता येत नाही.

पाटे उतरले, सुटे झाले, धुतले. आता भट्टीचे काम. बसलेल्या पाट्याला पुन्हा कमान देण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला थंड मार्ग: ऐरणीवर पाटा ठेवून हातोड्याच्या ठोक्यांनी बोट-बोट पुढे सरकत त्याला वाकवत न्यायचे. काम स्वस्त आणि झटपट. पण पोलाद दमलेले असेल तर कमान काही महिन्यांत पुन्हा बसते. दुसरा गरम मार्ग: पाटा सबंध लांबीभर सारखा तापवायचा, जुन्या मापाच्या साच्यावर वाकवायचा, तेलात बुडवून कडक करायचा, आणि मग पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा. आपल्याकडे याला पाणी देणे म्हणतात, परंतु पाट्याच्या बाबतीत पाण्याचे नाव नुसते नावालाच आहे. मोटारीच्या पाट्याचे पोलाद सिलिकॉन-मँगनीजचे असते. ते लाल असताना पाण्यात घातले तर त्याला केसासारख्या चिरा जातात. त्याला तेलच हवे.

पहिला ताव साधारण ८५० ते ९०० अंश सेल्सिअसचा. भट्टीवाल्यापाशी उष्णतामापक क्वचितच असतो, पण त्याच्यापाशी डोळा असतो आणि एक लोहचुंबकही असते. पोलाद सुमारे ७७० अंशांच्या वर गेले की चुंबक त्याला चिकटत नाही. चुंबक सुटला, त्यानंतर रंग थोडा आणखी उजळू द्यायचा आणि पाटा तेलात सोडायचा. यावेळी तो इतका कडक झालेला असतो की आपटला तर तुकडे होतील. म्हणून लगेच दुसरा ताव, साडेचारशे अंशांच्या आसपासचा. जुने कारागीर तेलाने माखलेलाच पाटा निखाऱ्यांवर धरतात. अंगावरचे तेल आपोआप पेटते आणि जळून जाते. पुन्हा तेल लावतात, पुन्हा पेटू देतात. पाट्याच्या सगळ्या लांबीवर तेल एकसारखे पेटले की ताव सारखा बसला असे समजतात. पुस्तकातही ही रीत सापडते, आणि जे कधी शाळेत गेले नाहीत अशांच्या हातातही ती सापडते.

येथे गिऱ्हाइकाने एकच गोष्ट पाहायची. पाटा सबंध तापवला जातो आहे, की गॅसच्या ज्योतीने मधलाच भाग लाल करून वाकवला जातो आहे? मधलाच भाग तापवला तर तेवढ्या जागी पोलाद मऊ पडते, कमान पहिल्याच महिन्यात तेथे मोडते. पूर्ण काम करायला भट्टीवाल्याला दिवस लागतो, कोळसा लागतो, तेल लागते, आणि त्याची मजुरी त्या मानाने जास्त पडते. ती देणे परवडत नसेल तर नवीन पाटे करून घेणे बरे. नवीन पट्टी ट्रकांच्या पाट्यांच्या दुकानात मिळते. पण रुंदी आणि जाडी जुन्याचीच हवी. विलीस जीपच्या पाट्याची रुंदी पावणेदोन इंच असते. पुढचा पाटा सुमारे छत्तीस इंच लांब, मागचा बेचाळीस. दुकानात तंतोतंत जाडी नसली की 'एक नंबर जाड घ्या, मजबूत होईल' असे सांगतात. घनाचा नियम आठवा: सहा मिलिमीटरच्या जागी सात मिलिमीटरचा पाटा घातला तर तो दीडपटीहून अधिक कडक होतो. सगळेच पाटे तसे घातले तर गाडी बैलगाडी झाली म्हणून समजा. जास्तीचा एक पाटा घालून गाडी उंच करण्याची हौसही याच जातीची. तो ट्रकांचा रिवाज आहे, आणि ट्रकांना तो दहा टन माल वाहायचा असतो म्हणून शोभतो. आजोबांच्या मोटारीत चार माणसे आणि एक डबा जायचा आहे. शिवाय पाटा कडक केला की त्याचा हादरा चॅसीच्या रिव्हेटांना, हँगरला आणि स्टिअरिंगच्या जोडांना बसतो. म्हणजे स्वस्त वस्तू वाचवून महाग वस्तू मोडायची. आणि जे करायचे ते जोडीने, डावा-उजवा दोन्ही. एकच नवा घातला तर गाडी जन्मभर कलते.

परत जुळवताना पाट्यांच्या पाठींना ग्राफाइट मिसळलेले ग्रीस पातळ लावावे. सेंटर बोल्ट नवा, यू-बोल्ट नवे. जुना यू-बोल्ट एकदा ताणला गेला की त्याची आटी पुन्हा विश्वासाची नाही. जुन्या विलीस पद्धतीच्या शॅकलला स्वतःचेच पेच असतात, आणि त्यांतले काही डाव्या हाताचे, म्हणजे उलटे असतात. ओळखीसाठी त्यांच्या अंगावर छोटा उंचवटा ठेवलेला असतो. तो न पाहता पाना मारला की पेच खलास, आणि मग मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या दुकानांतून भटकंती. रबराच्या बुशांना ग्रीस किंवा ऑइल लावू नये, रबर फुगून सडते. पावसाळ्याआधी गाडीखाली जळके ऑइल फवारण्याची जी रीत आहे ती पत्र्याला चांगली आणि या बुशांना वाईट. फवारताना त्यांवर फडके गुंडाळावे. बुशाचे बोल्ट शेवटचे आवळावयाचे ते गाडी चाकांवर उतरवून, तिचे वजन पाट्यांवर आल्यानंतर; हवेत असतानाच आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत पकडले जाते आणि फाटते.

शॉक ॲब्सॉर्बरविषयी थोडक्यात. पाटा हादरा घेतो, पण घेतलेला हादरा तो परत करतो. झोका थांबवणे हे शॉक ॲब्सॉर्बरचे काम. बंपरचा कोपरा अंगाच्या भाराने दाबून सोडावा. गाडी एकदा वर येऊन जागेवर बसली तर ठीक. दोन-तीनदा डुलली तर आतले तेल गेले आहे. ॲम्बेसेडरच्या पुढच्या बाजूस पाटेही नाहीत आणि गुंडाळीची स्प्रिंगही नाही, तेथे पिळणारी लांब पोलादी कांब असते. तिच्यावर ओरखडा पडू देऊ नये, आणि डावी काढून उजवीकडे बसवू नये, कारण एका दिशेने पिळ खाण्याची तिला सवय झालेली असते.

आता वारसदारासाठी कायद्याचे दोन शब्द. मोटार ज्यांच्या नावावर होती ते वारले असतील, तर मृत्यूनंतर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे आणि तीन महिन्यांत एकतीस नंबरच्या नमुन्यात नाव बदलण्याचा अर्ज द्यावा. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या खासगी मोटारीला २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात, आणि अशी गाडी रोजच्या वापरास किंवा भाड्याने नेता येत नाही. परंतु ती मूळ रूपात असली पाहिजे. चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला चालत नाही. दुसऱ्या गाडीचे आस आणि स्प्रिंगा बसवण्यासाठी चॅसी कापून घेणाऱ्यांनी हा नियम आधी वाचावा. मापाचा पाटा मापाने करून घेतला तर ही अडचणच उद्भवत नाही.

काम झाल्यावर पहिल्याच दिवशी माप पुन्हा लिहून ठेवावे, कारण नवे पाटे पहिल्या काही दिवसांत थोडे बसतात आणि ते बसणे दोन्ही बाजूंना सारखे असले पाहिजे. मग गाडी मोकळी चालवावी. धुळ्याहून जळगावपर्यंतचा नव्वद-एक किलोमीटरचा रस्ता या कामाला चांगला आहे. फागण्याच्या पुढे वेग बेताचा ठेवून पाटे कुरकुरतात का ते ऐकावे. पारोळ्याला चहासाठी थांबावे आणि चहा येईपर्यंत यू-बोल्टांच्या नटांना पाना लावून पाहावा; पहिल्या फेरीत ते हमखास पाव-अर्धा आटा घेतात. एरंडोलच्या पुढे पुन्हा एकदा, आणि नंतर पाचशे किलोमीटर झाल्यावर तिसऱ्यांदा.